उजेडाची हद्द

नेवऱ्याच्या खाजनात, बांधाच्या पोटात
मानशीचं लाकडी दार ओहोटीला उघडतं.
यंदाची पावणी बाबांनी घेतली,
कुळांच्या सभेत, शेवटच्या बोलीवर वीस रुपये चढवून.
आता दाराच्या तोंडाशी टांगलेला दिवा आमचा,
त्याखालचं जाळं आमचं,
त्यात येणारी सुंगटां, शेवटे,
नशिबात असली तर एखादी चोणक, तीही.

मी पुण्याहून सुटीला आलेय.
तिथं सहा वर्षं
एकाच दीर्घिकेच्या कडा शोधते आहे.

कुठे आहे, विचारतात.
स्वातीपासून एक वीत पश्चिमेला, बोट दाखवते.
तिथं काहीच दिसत नाही.
ते मान हलवतात, दिसल्यासारखी.

हजारेक दीर्घिकांच्या घोळक्यात
ऐन मधोमध बसलेली,
सगळ्यांत तेजस्वी, सगळ्यांत लठ्ठ,
म्हाताऱ्या, तांबूस ताऱ्यांनी भरलेली.
नवे तारे तिला आता जवळजवळ होत नाहीत.
आत दोन गाभे:
एक तिचा,
दुसरा कुणाचातरी, अजून न विरघळलेला.

"खाते म्हणजे? धावून जाते?"
नाही बाबा. ती जागची हलत नाही.
खळग्याच्या तळाशी आहे, इतकंच.
बाकीच्या फिरून फिरून दमतात,
आणि दमलेलं खाली उतरतं.

बाबा जाळ्याकडे बघतात.
"सुंगटांचं तसंच. आम्ही कुठे बोलावतो?"
दिवा बोलावतो, मी म्हणते.
ते बॅटरीची वायर उगाच घट्ट करतात.

दाराच्या बाहेरच्या अंगाला, कमरेइतक्या पाण्यात
रुमाल्द पाग घेऊन उभा.
आमच्या उजेडाच्या अगदी शेवटच्या पिवळ्यात
नेम धरून फेकतो.

"हय रुमाल्दा! तें म्हजें उदक!"
"उदक न्हंयचें," तो वळतही नाही.
"उजवाड तुजो. व्हर घरा तो."

कुठवर, पण?
दिव्याखाली पाणी दुधासारखं,
दोन हातांवर चहासारखं,
मग नुसता संशय,
मग रुमाल्दचे गुडघे कुठे संपतात ते कळत नाही.

माझ्या दीर्घिकेला काठ नाही.
ती फिकट होत जाते, होत जाते,
आणि जिथे ती उरली नाही असं वाटतं
तिथेही तारे असतात,
कुणाच्यातरी अंगावरून जाताजाता ओरबाडले गेलेले,
मूळ घर मोडलेलं, या घरी पोचलेले नाहीत.
सबंध समूहाचे, म्हणजे कुणाचेच नाहीत.
मी एका आकड्यापाशी रेघ मारली.
अलीकडचे तिच्या नावावर, पलीकडचे वाऱ्यावर.
निबंध तपासणाऱ्यानं एकच ओळ लिहिली:
रेघ इथेच का?

तीन आठवडे झाले. उत्तर दिलेलं नाही.

अडीचला ओहोटी थांबली.
पणजीच्या बाजूचं आभाळ तसंच पिवळट,
तिथं रात्र मावळत नाही, पातळ होते फक्त.
बाबांनी जाळं ओढलं, दार पाडलं.
दाराच्या फळीत, दोन लाकडांच्या फटीत
अडकलेली मूठभर सुंगटां,
डोकी आत, शेपट्या बाहेर, उड्या मारताहेत.

"ही कुणाची गो?
तू रेघा मारतेस ना."

रुमाल्दही थांबलाय. पागातून पाणी निथळतंय,
बराच वेळ.

मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही.

बाबा हसले नाहीत.
दिवा काढला, बांधावर उलटा ठेवला.
मग अंधारात तिघांपैकी कुणीतरी
फटीत बोटं घातली.
आवाजावरून कळलं नाही
कुठल्या बाजूनं.